चाळीस हजार वर्षांची कवळी

कवळीवाल्याने तीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घातला, पण त्याच्याबद्दल चांगला शब्द काही कुणाच्या तोंडून निघाला नाही. धंदाच मेला तसला! कवळी टोचली तर लोक दुकान डोक्यावर घेतात, आणि नीट बसली तर ती आहे हेच विसरतात. बाकीच्यांचं जाऊ द्या हो, पण सासूबाईंनी एकदा, फक्त एकदा, ‘छान झालीये’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. बायको गेली त्याच वर्षी त्याने त्यांची खालची कवळी केली होती. त्याला आता नऊ वर्षं झाली.

पण कौतुकाचं नाव नको! दर रविवारी सकाळी हा कानस घेऊन हजर. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर टॉवेल.

“जावईबापू, डावीकडे टोचतंय.”

हा घासायचा. पुढच्या रविवारी उजवीकडे. नऊ वर्षं घासून घासून त्या दातांची पार रया गेली.

एकदा म्हणाल्या, “आज दोन्हीकडे टोचतंय.” म्हणून त्याने कवळी दुकानात नेऊन पाण्याच्या वाटीत ठेवली. सोमवारी सोनेरी चष्म्याचे एक गृहस्थ आले, काकांच्या कवळीची चौकशी करत तासभर गोड गोड बोलले आणि गेले. बघतो तर वाटीत नुसतं पाणी!

सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. नवी करून दिली तर तोंडात घालायलाही तयार नाहीत. “मला माझीच हवी.” सहा महिने बाईंनी दुधात बुडवलेल्या बिस्किटांवर काढले.

मग एक दिवस वर्तमानपत्रात फोटो आला. चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा जबडा सापडला! खणून काढणारे कोण, तर सोनेरी चष्मा. कवळी चहात उकळून तपकिरी केलेली, पण आपल्या हातचं काम कुणाला ओळखू येत नाही? कवळीवाला तडक संग्रहालयात गेला. काचेची पेटी, खाली मखमल, शेजारी पहारेकरी.

“ही झीज बघा,” संग्रहालयाचे प्रमुख म्हणाले. “जन्मभर कच्ची मुळं चावल्याशिवाय अशी होत नाही.”

“अहो, ती माझ्या कानशीची आहे! आतली खाचसुद्धा माझीच खूण आहे.”

“खाच? म्हणजे दगडी हत्यार!” प्रमुखांनी लगेच टिपून घेतलं. “शिवाय असं काम माणसाच्या हातून होणे नाही. ही निसर्गाची किमया.”

बिचारा! जन्मात पहिल्यांदा कुणी कौतुक केलं, तेही निसर्गाच्या खात्यात गेलं.

आता साक्षीदार एकच. दुसऱ्या दिवशी तो सासूबाईंना घेऊन गेला. गर्दीपुढे प्रमुख जबडा हातात धरून दाखवत होते, शेजारी सोनेरी चष्मा मान डोलावत होता. सासूबाईंनी काठीने वाट काढली, जबडा हिसकावला, रुमालाने पुसला आणि घातला तोंडात. पिशवीतून सफरचंद काढून कचकन चावा घेतला. सोनेरी चष्मा मागच्या दाराने पसार झाला.

“माझ्या जावयाने केलीये,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “नऊ वर्षांत एकदाही टोचली नाही.”

प्रमुखांचे डोळे भरून आले. “इतका चपखल बसतोय! म्हणजे ह्या बाई त्या आदिमानवाच्या थेट वंशज!” टाळ्यांचा कडकडाट झाला. वारसाहक्काने जबडा सासूबाईंना देण्यात आला. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात त्यांनी ‘लांबचं’ असं लिहिलं.

कवळीवाल्याचं ह्यातल्या कशाकडेही लक्ष नव्हतं. परतीच्या बसमध्ये त्याला राहवेना.

“आई, एकदाही टोचली नाही? मग मी नऊ वर्षं घासत काय होतो?”

सासूबाई सफरचंद खात खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,

“लेक होती तोवर तुम्ही दोघं यायचात. ती गेली. टोचत नाही म्हटलं असतं, तर तुम्ही आला असतात?”

त्याने त्यांच्या हातातली पिशवी आपल्या मांडीवर घेतली. म्हणाला, “रविवारी येतो.”

“या,” त्या म्हणाल्या. “डावीकडे जरा टोचतंय.”