शेगडीतला मका

जर्सी सिटीतला फ्लॅट सोडून आम्ही नवराबायको अमेरिकेतल्याच लांबच्या गावात जुन्या घरात राहायला गेलो आणि त्याच वर्षी घर गरम ठेवायच्या तेलाचे भाव भडकले. त्यात लातूरहून माझी आई पहिल्यांदाच आलेली. थंडीनं तिचे गुडघे आखडले होते, तरी मी थर्मोस्टॅट वाढवला की ही बाई गुपचूप काटा मागं फिरवायची. असा राग यायचा मला! शेवटी शेगडी घ्यायचं ठरवलं आणि पसंतीला तिलाच दुकानात नेलं.

दुकानदार म्हातारा आणि बोलका. त्यानं लाकडं जाळायची शेगडी दाखवली, लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी दाखवली. मग तिसरीकडं बोट दाखवून म्हणाला, "ही घ्या, सगळ्यात स्वस्त पडेल." गोणीतला मका त्यानं शेगडीच्या पेटीत ओतला. काचेमागं दाणे आगीत पडू लागले.

"लाह्या करायलाय का गं हा?" आईनं विचारलं.

"नाही आई. यावर घर गरम होतं."

मी थट्टा करतेय असं वाटून ती हसली. काचेजवळ वाकून बघू लागली. दाणे फुटत नव्हते, काळे पडून नुसते जळत होते.

"अगं, चांगला मका आहे की! बंद कर म्हण त्याला!"

आई अख्ख्या दुकानात ओरडली. मी हादरलेच. तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. दुकानदारानं घाईनं बटण दाबलं. "जास्तीचा आहे हो, इथं ढीग लागतात," तो गोंधळून म्हणाला. मी ते आईला सांगितलं, आणि सांगायला नको होतं असं लगेच वाटलं.

ती मटकन बाकावर बसली.

"बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, यायची. तू तान्ही होतीस. दिवसभर खडी फोडून रांगेत उभं राहायचं. बाया म्हणायच्या, जनावराचं खाणं आहे. मी त्यांना म्हणायचे, नावं ठेवू नका, तोंडचा घास काढून देतात बिचारे." मग विझत आलेल्या शेगडीकडं बघत म्हणाली, "जास्तीचं होतं होय!"

मला रडूच फुटलं.

आम्ही भुशाच्या गोळ्यांची शेगडी घेतली. आईचे गुडघे मोकळे झाले. पण मी शेगडी भरायला गेले की ती आधी गोळ्या ताटात ओतून घ्यायची. चष्मा लावून, बोटांनी पसरून, चुकून कुठं दाणा आलाय का ते बघायची आणि मगच म्हणायची, "हं, टाक आता."