ठिबकभाऊंचा समुद्र

माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं आयुष्यात कुणाला काही एकदम म्हणून दिलं नाही. चहा द्यायचा तर अर्धा कप, आणि तो संपला की पुन्हा अर्धा. लग्नाचा आहेर द्यायचा तर थोडा मांडवात आणि उरलेला पुढं कधीतरी, नवरानवरीच्या घरी जाऊन. ताईला मुलगा झाला तेव्हा त्यांनी मला अमरावतीला फोन केला आणि 'ताई बरी हाय' एवढंच सांगून ठेवून दिला. दुपारच्या फोनमध्ये 'बाळ बी बरं हाय' आलं. मुलगा की मुलगी हे कळायला मला संध्याकाळच्या फोनपर्यंत थांबावं लागलं. मी चिडलो, तर शांतपणे म्हणाले, "साळेबुवा, खुशी एकदम देल्ली तं मानूस अर्धी सांडवते."

अकोल्यात जठारपेठेत त्यांचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं. म्हणून सगळे त्यांना ठिबकभाऊ म्हणत. मीही म्हणायचो, पण पाठीमागं आणि जरा वेगळ्या सुरात. ते दिवस कापसाला वाईट होते. विहिरी आटलेल्या, सरकारी अनुदान अडकलेलं. दुकानात नळ्या घेणारे कमी आणि नुसते येऊन बसणारे जास्त. ठिबकभाऊ त्यांना बाकावर बसवायचे, अर्धा अर्धा चहा पाजायचे आणि विक्रीचं सोडून झाडांबद्दल बोलत राहायचे. "झाडाले पूर नाई लागत बाप्पा, रोज कोनीतरी आठवन ठेवलेली लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकणारा मान डोलवायचा. मला ते वाक्य घोकून आल्यासारखं वाटायचं. त्यांची सगळीच वाक्यं मला तशी वाटत, कारण ती माझ्या वडिलांना आवडत.

अशा दिवसांत या गृहस्थानं घरात समुद्र आणला. बैठकीत, जिथं इतरांकडे शोकेस असतं, तिथं काचेची मोठी पेटी, वर निळा दिवा, आत दोन पट्टेरी मासे आणि मुंबईच्या एका दुकानातून आणलेले जिवंत प्रवाळ. हिरवे, जांभळे, पाण्याबरोबर डोलणारे. अकोल्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा. "प्यायले पानी नाई, अन् याच्या घरी समुद्र!" असं शेजारीपाजारी म्हणायचे, आणि म्हणून झालं की पोराबाळांना घेऊन बघायला यायचे. मीही बघितला. मला तो फार आवडला, पण हे मी ताईला कळू दिलं नाही.

प्रवाळ दगडासारखा दिसत असला तरी जीव आहे. पाण्यातला चुना ओढून घेऊन तो आपलं घर बांधतो. त्यामुळं पाण्यातलं कॅल्शियम, सोडा आणि मॅग्नेशियम रोज थोडंथोडं कमी होतं आणि ते रोज बाहेरून भरून द्यावं लागतं. त्यासाठी पेटीशेजारी तीन बाटल्या असायच्या. द्यायला विसरलं की प्रवाळ झिजत जातो. सगळं एकदम ओतलं तर पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि तो मरतो. थोडक्यात, हा छंद ठिबकभाऊंसाठीच जन्माला आला होता. एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या तीन बाटल्यांनी माझा बाप पळवला.

आई गेली तेव्हा बाबा गावची शेती मक्त्यानं देऊन माझ्याकडे अमरावतीला आले. मुलगा असताना दुसरीकडे कुठं जाणार? मी त्यांच्यासाठी काय केलं नाही! वेगळी खोली, नवा कूलर, टीव्ही, देवदर्शनाची सहल, सकाळी फिरायला बूट. बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. हो-नाहीपलीकडे बोलत नव्हते. जवळजवळ वर्षभर हे चाललं. मग ठिबकभाऊ आले, अर्धा कप चहा प्याले आणि म्हणाले, "मामाजीले आठ दिवस घेऊन जातो." मी म्हटलं, न्या. ते आठ दिवस काही केल्या संपेनात.

तिथं काय घडलं ते मला ताईनं सांगितलं. ठिबकभाऊ त्यांना बोला म्हणाले नाहीत, जेवा म्हणाले नाहीत. एके दिवशी ते बाबांच्या गावी गेले आणि बाबांच्याच विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून घेऊन आले. आमचं गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. बाबांनी जन्मभर त्या विहिरीला शिव्या घातल्या. ठिबकभाऊ कॅन पेटीजवळ ठेवून म्हणाले, "मामाजी, घरचं खारं पानी असतानी समुद्राच्या मिठाचे पुडे काहून इकत आनू मी?" बाबा उठले. ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी चाखलं, जावयाच्या तोंडाकडे बघितलं आणि हसले. "जवाईबुवा, या पान्यात डाळ शिजत नाई, तुमचा समुद्र काय शिजन!"

वर्षभरातलं त्यांचं ते पहिलं लांब वाक्य, आणि ते माझ्या घरी नाही, जठारपेठेत उच्चारलं गेलं. मला आजही खात्री आहे की ते सगळं नाटक होतं. दिवसभर शेतकऱ्यांच्या विहिरींचं पाणी तपासणाऱ्या माणसाला खारी विहीर आणि समुद्र यातला फरक ठाऊक नव्हता? मी ताईला तसं बोलूनही दाखवलं. ताई म्हणाली, "मंग तुले काहून नाई सुचलं?"

त्यानंतर ठिबकभाऊंनी बाबांच्या हातात सुई नसलेलं इंजेक्शन दिलं आणि एक बाटली सोपवली. बाबा मापानं औषध ओढायचे आणि पेटीत थेंब थेंब सोडायचे. पुढं दुसरी बाटली आली, मग तिसरी. मी सकाळी फोन केला की ऐकू यायचं, "थांब लेका, एक बाटली झाली, दोन बाकी हायेत," आणि फोन बंद. माझ्या बढतीची बातमी त्यांनी ऐकली न ऐकल्यासारखी केली, पण जांभळ्या प्रवाळाला नवा फुटवा आला हे मला दोनदा सांगितलं. मला त्या प्रवाळाचा राग यायचा. माणसानं आणखी किती खालच्या पायरीला जावं?

वरून लोक. लग्नाकार्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "बाबा लेकीकडं असतेत म्हने?" आणि मग माझ्याकडे आणि बायकोकडे जरा जास्त वेळ बघायचा. मी हवापालट वगैरे सांगायचो. अकोल्याच्या उन्हात हवापालटाला कोण जातं? शेवटी मी बाबांना स्पष्टच म्हटलं, "आता चला घरी." ते म्हणाले, "कसा येऊ? सकाळी या प्रवाळाले औषध कोन देइन?"

तेव्हा मला युक्ती सुचली. मी नांदगाव पेठेतल्या एका कापडगिरणीत रंगखात्यात होतो. कुठलं रसायन किती आणि केव्हा सोडायचं, हे तिथं पंप बघतात. त्यांचे छोटे भाऊबंदही बाजारात मिळतात. फिरतं चाक रबरी नळी दाबत जातं आणि थेंब पुढं सरकतो. मी असे तीन पंप आणि वेळ लावायचं घड्याळ घेतलं आणि एका रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला पोचलो. एकदा यंत्र बसलं की बाबा मोकळे, मग कुठली सबब सांगतात बघू.

ठिबकभाऊंनी सगळं निरखून पाहिलं. म्हणाले, "मशीन झकास हाय, साळेबुवा. पन एकदम नका लावू. एक बाटली मशीनले द्या, दोन मामाजीकडं राहू द्या. मंग पाहू." मी एकच पंप लावला. दुसरी बाटली यंत्रावर यायला पोळा उजाडला आणि तिसरी यायला दिवाळी. माझ्या यंत्रालासुद्धा या माणसानं ठिबकवर लावलं.

दिवाळीनंतर मी बाबांना न्यायला गेलो, तर ते घरी नव्हते. सकाळचं काम उरलं नाही म्हणून ते ठिबकभाऊंच्या स्कूटरवर मागं बसून दुकानात जायला लागले होते. दुकानात जाऊन बघतो तर बाकावर शेतकऱ्यांच्या मधोमध बसून बाबांचं बोलणं चाललेलं. खारी विहीर, कपाशी, रोज कोणीतरी ठेवायची आठवण! मी बाबांना मोकळं केलं होतं ते ठिबकभाऊंच्या दुकानासाठी. ताईनं वांग्याची भाजी केली होती. ती न खाता मी परत आलो.

मग एके दिवशी बाबांचाच फोन आला. त्यांनी मला आपणहून कधी फोन केला नव्हता. "मशीन थेंब नाई टाकून राहिली. ये." मी रजा टाकून गेलो. ठिबकभाऊ भोळा चेहरा करून म्हणाले, "आमाले नाई समजत बा त्यातलं. तुमचंच काम हाय थे." माझी छाती फुगली. मी पेचकसानं स्क्रू काढून पंप उघडला, मिठाची खपली पुसली, नळी काढून पुन्हा बसवली. बाबा शेजारी पाट घेऊन बसले आणि पेचकस देत, घेत बोलत राहिले. आईबद्दल, गावच्या बैलांबद्दल, मी लहानपणी कढीत पडलो होतो त्याबद्दल. पुढं ते यंत्र सारखंच बंद पडायला लागलं आणि मी मुक्कामाला जायला लागलो. मी गेलो की ठिबकभाऊंना हमखास दुकानात काहीतरी काम निघायचं. मी मनात म्हणायचो, बघा, तुमच्या समुद्राला शेवटी माझीच गरज लागली.

पुढच्या उन्हाळ्यात ठिबकभाऊ गेले. दुकानात खुर्चीत बसल्या बसल्या, हृदय थांबून. या वेळी पहिल्याच फोनमध्ये सगळं कळलं. जठारपेठेत त्या दिवशी खेड्यापाड्यांतून इतकी माणसं आली की मला उभं राहायला जागा नव्हती. त्यातली कितीतरी माझ्या बाबांचे हात धरून रडत होती. मुलगा म्हणून माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

तेराव्यानंतर मी बाबांना म्हटलं, आता तरी चला. "पोरगी अन् नातू एकटे हायेत," ते म्हणाले. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, नाहीतर मी भांडलो असतो.

फोन मात्र येत राहिले. मशीन बंद, ये. मी जायचो, उघडायचो, पुसायचो. एकदा काही कामानं अकोल्याला गेलो होतो, तर न कळवताच घरी गेलो. दार उघडं होतं. बाबा पाठमोरे पेटीसमोर उभे. यंत्राच्या रबरी नळ्यांना त्यांनी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते आणि इंजेक्शननं औषध ओढून थेंब थेंब पाण्यात सोडत होते. प्रत्येक वेळी यंत्र बंद असायचं आणि प्रवाळ टवटवीत असायचे. रंगखात्यात इतकी वर्षं घालवून मला याचं कधी नवल वाटलं नव्हतं.

बाबांनी मागं वळून बघितलं. ओशाळले वगैरे मुळीच नाहीत.

"काहून बाबा?" मी विचारलं.

"बंद नाई पडली तं तू येतं काय?"

"नुसतं ये म्हटलं असतं तरी आलो असतो."

"मी तसंच म्हनत होतो," बाबा म्हणाले. "जवाईबुवा म्हने, 'मामाजी, नुसतं ये म्हनसान तं साळेबुवा तुमाले न्यायले येतीन. काम सांगा, मंग बसायले येतीन.' हे चिमटे त्यायनंच देल्ले."

मी पाट ओढून खाली बसलो. एवढे दिवस मी ज्याला माझा विजय समजत होतो तोही त्यांनीच मला दिला होता. बाप मला जितका मिळाला तितका त्यांनी ठरवलेल्या मापानं मिळाला, आणि माझ्या मापानं मिळाला असता तर अजिबात मिळाला नसता. ठिबकभाऊंचा इतका हेवा मला ते जिवंत असतानाही वाटला नव्हता.

बाबांनी इंजेक्शन पुसून ठेवलं, शेजारी येऊन बसले आणि पेचकस पुढं केला. पंपात काहीही बिघडलेलं नव्हतं. मी तो उघडायला घेतला.