सुमित्राबाईंचा आक्षेप

सुमित्राबाई वैरागडेंचा देवावर पूर्ण विश्वास होता, पण देवळातला प्रसाद त्या तोंडात टाकण्याआधी हुंगून बघत. भोपाळच्या बरखेड्यातल्या चक्कीवर दळण टाकलं की त्या घरी परत येत नसत, डब्याशेजारी उभ्या राहत. आपल्या गव्हात कुणाची बाजरी मिसळू नये म्हणून. चक्कीवाला त्यांना तोंडावर ‘दीदी’ म्हणे आणि पाठीमागे ‘इन्स्पेक्टर साहब’. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि आतून आवडतही होतं.

नागपूरहून लग्न होऊन त्या भोपाळला आल्या, त्या थेट कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. नवरा, विलासराव, कारखान्यात फिटर. माणूस असा साधा की कुणी टोपी घातली तर वर ‘धन्यवाद’ म्हणेल. सगळ्या घराच्या वाटचा संशय मग एकट्या बाईंनाच घ्यावा लागे, आणि तो त्यांनी तीसेक वर्षं मन लावून घेतला.

या संशयातून एकच माणूस सुटला होता. अनंत क्षीरसागर. वर्ध्याहून वीज मंडळात नोकरीला आला तेव्हा त्याला राहायला जागा नव्हती, म्हणून विलासरावांच्या ओळखीने तो यांच्या मागच्या खोलीत राहिला. पहिल्या दिवाळीला रजा मिळाली नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी पोरगा खाटेवर तोंड पाडून बसलेला. सुमित्राबाईंना भाऊ नव्हता. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, तशा त्या लहानपणापासून ओवाळत आल्या होत्या. त्या दिवशी तबक घेऊन अंगणात निघाल्या, वाटेत हा दिसला. “चल, पाटावर बस,” म्हणाल्या. चंद्राची सुट्टी झाली ती कायमची.

अनंताचं पुढे लग्न झालं, बदल्या झाल्या, शेवटी विजेचे दर ठरवणाऱ्या आयोगाच्या कार्यालयात तो गेला आणि तुलसी नगरात राहू लागला. पण दर रविवारी चहाला इथेच. त्याने आणलेली मेथी सुमित्राबाई न निवडता चिरत. यापेक्षा मोठा विश्वास त्यांच्याकडे नव्हता.

मग ती जाहिरात आली. सुमित्राबाई वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टेंडरपर्यंत वाचत, म्हणून त्यांच्याच नजरेला पडली. टाउनशिपला आजवर कारखान्यामार्फत वीज मिळे आणि ठरावीक रक्कम पगारातून कापली जाई. आता वीज कंपनीला घरोघर वेगळं कनेक्शन द्यायचं होतं. त्यासाठी तिने आयोगाकडे मंजुरी मागितली होती, आणि कुणाची हरकत असेल तर ती लेखी कळवा, त्यावर जाहीर सुनावणी होईल, असं आयोगाने छापलं होतं. बिलात एक स्थिर आकार असणार होता. दिवा लावा की अंधारात बसा, तो भरायचाच. आणि तो ठरणार होता घराच्या लोडवर, म्हणजे त्या घरात एका वेळी किती वीज ओढली जाऊ शकते त्यावर.

हा लोड कंपनीने क्वार्टरच्या जुन्या नकाशावरून धरला होता. नकाशात प्रत्येक स्वयंपाकघरात एक जाड तीन पायांचा प्लग होता, हीटरचा. एके काळी सबंध टाउनशिप हीटरवर रांधायची. वीज जवळजवळ फुकटच, मग भाकरी काय, आंघोळीचं पाणी काय, सगळं त्या लाल तारेवर. पुढे गॅस आला, हीटर माळ्यावर गेले, काही भंगारवाल्याने नेले. प्लग तेवढा भिंतीत राहिला. सुमित्राबाईंच्या घरी त्याच्यावर पंचपाळं टांगलेलं असे.

“म्हणजे जो हीटर नाही त्याचं भाडं आपण जन्मभर भरायचं?” त्या म्हणाल्या.

कॉलनीतली मंडळी म्हणाली, “भाभीजी, सब फिक्स है. जनसुनवाई तो नाटक है.” नाटक असेल तर बाईंना त्यातही काम हवं होतं. त्यांनी हिंदीत आक्षेप लिहिला, विलासरावांनी त्यातल्या मात्रा सुधारल्या, आणि तो स्वतः नेऊन आयोगाच्या खिडकीवर दिला. पोच घेतली. त्या पोचेवरचा शिक्काही उजेडात धरून पाहिला.

त्या रविवारी अनंत आला नाही. पुढच्याही रविवारी नाही.

बाईंनी फोन केला. त्याची बायको मंदाकिनी म्हणाली, “ते घरी नाहीयेत, वन्सं.” मागे खोकला ऐकू आला. तो खोकला बाईंच्या ओळखीचा होता. त्याच्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं आल्याचा काढा केला होता.

मग हबीबगंजला फळांच्या गाडीपाशी तो दिसला. त्याने पाहिलं, नक्की पाहिलं, आणि पेरू तसेच टाकून रस्ता ओलांडून गेला. सुमित्राबाई गाडीशी उभ्याच राहिल्या. फळवाल्याने दोनदा भाव सांगितला तरी त्यांनी घासाघीस केली नाही, तेव्हा तो बिचाराच घाबरला.

“काही नियम असेल,” विलासराव म्हणाले.

“नियम! इतकी वर्षं माझ्या हातचं जेवला, तेव्हा नव्हता नियम? अहो, कंपनीने तोंड भरलंय त्याचं. भरल्या तोंडाने माणूस बोलणार कसा?”

संशयाला एकदा पाय फुटले की तो कुठेही पोचतो. दसऱ्याच्या आसपास शेजारच्या नलिनीने बातमी आणली की अनंतभाऊ पलीकडच्या गल्लीत वीज कंपनीच्या जीपमधून उतरताना दिसले, बरोबर कंपनीची माणसं होती. सुमित्राबाईंनी हातातलं वाटण तसंच ठेवलं. आपल्याच गल्लीशेजारी येऊन गेला, आणि दार वाजवलं नाही. त्यांना राग आलाच, पण त्याहून जास्त लाज वाटली. चक्कीवर उभं राहून जन्म गेला आणि फसलो कुठे, तर घरात.

तरी भाऊबीजेला त्यांनी पाट मांडला. भोवती रांगोळी काढली. अनारसे त्याच्या आवडीचे, म्हणून केले. दिवस मावळला. बीजेची कोर ती केवढीशी, पाण्याच्या टाकीकडे उतरायला लागली. विलासराव म्हणाले, “थांब थोडं, येईल.” बाई तबक घेऊन अंगणात गेल्या आणि चंद्राला ओवाळून आल्या. पाट उचलून भिंतीला लावला.

“मेला माझा भाऊ,” म्हणाल्या, आणि मग स्वतःच दचकून देवापाशी जाऊन नाक घासलं.

जनसुनवाई थंडीत झाली. मोठं सभागृह, पुढे उंच टेबलाशी आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य, एका बाजूला कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला खालच्या टेबलावर फायलींच्या मागे अनंत. तो मान वर करत नव्हता. सुमित्राबाईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या शाल सावरून उभ्या राहिल्या.

“साहब, हमारी रसोई में हीटर नहीं है. बरसों से नहीं है. आसपास किसी के यहाँ नहीं है. जो चूल्हा जलता ही नहीं, उसकी लकड़ी के पैसे हम क्यों दें?”

मागून टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. “आपकी बात दर्ज हो गई.” इथे बाईंनी बसायला हवं होतं. विलासरावांनी शालीचं टोक ओढलंही. पण पोटात दिवाळीपासून जे साठलं होतं ते आता गप्प राहीना.

“एक बात और,” त्या म्हणाल्या. “वो जो फ़ाइलों के पीछे बैठे हैं, अनंत क्षीरसागर, वो मेरे भाई हैं. जिस दिन मैंने ये आक्षेप दिया, उस दिन से मेरे घर का पानी नहीं पिया. कंपनी की जीप में घूमते हैं. ज़रा पूछिए, इनका मुँह किसने बंद किया है.”

अनंताचा चेहरा पांढरा पडला. आणि कंपनीचे वकील लगबगीने उठले. ते रागावलेले नव्हते, खुशीत होते.

“सर, इसे रिकॉर्ड पर लिया जाए. हम महीनों से हैरान थे कि हीटर वाला सवाल दफ़्तर से बार-बार क्यों आ रहा है. इन्हीं साहब ने लिखकर पूछा. इन्होंने ही हमारी जीप मँगवाकर क्वार्टरों की रसोइयाँ खुलवाईं, हीटर गिने. आज पता चला, आपत्ति करने वाली इनकी बहन हैं. ऐसे अधिकारी की जाँच को कौन निष्पक्ष मानेगा?”

सुमित्राबाईंना सगळं एकदम कळलं. पोरगा विकला गेला नव्हता. तो आपलं काम करत होता. ते काम नासू नये म्हणून तो चहा सोडून बसला, पेरू टाकून पळाला, भाऊबीजेला घरी बसून राहिला. ज्याचा निवाडा चाललाय त्याच्या घरी पाणी प्यायचं नाही, एवढं साधं व्रत त्याने पाळलं होतं. आणि आपण भर सभेत त्याच्या गळ्यात धोंडा बांधला.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “श्रीमती वैरागड़े, क्या अनंत क्षीरसागर आपके भाई हैं?”

अनंत तोंड उघडणार होता. तो खरं सांगणार, हे बाईंना दिसलं. पहिल्यापासून सरळ गाढव तो. त्याच्या आधी त्या बोलल्या.

“कोई नहीं हैं मेरे. न खून के, न रिश्ते के. कभी हमारे पीछे वाले कमरे में रहते थे, बस.”

“अभी तो आपने भाई कहा,” वकील म्हणाले.

“भोपाल में कौन भाई नहीं है, वकील भाई? सब्ज़ीवाला भी भाई, टेम्पोवाला भी भाई.” लोक हसले. बाई हसल्या नाहीत. “साहब, हम मराठी लोगों में भाई दूज को जिसका भाई न हो, वो औरत चाँद की आरती उतारती है. इस दिवाली मैंने चाँद की उतारी. मेरे आदमी से पूछ लीजिए.”

विलासराव उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते एवढ्या लोकांसमोर बोलले. “जी. आँगन में. मैं वहीं खड़ा था. कोई नहीं आया था.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. अध्यक्षांनी दोघांकडे थोडा वेळ पाहिलं. “ठीक है. रिकॉर्ड में लिखिए कि कोई रिश्ता नहीं. आगे चलिए.” अनंताने तेव्हा एकदा मान वर केली. बाईंनी मात्र पुढे कंपनीच्या वकिलांकडे पाहायला सुरुवात केली होती, कारण अनंताकडे पाहिलं असतं तर डोळ्यांनी सगळं बिंग फोडलं असतं.

घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. “मी म्हटलं होतं, नियम असेल,” विलासराव म्हणाले. एरवी या वाक्याचं त्यांना चांगलंच फळ मिळालं असतं. त्या दिवशी बाई नुसत्या म्हणाल्या, “हो, म्हणाला होतात.”

फाल्गुनात निकाल लागला. लोड नकाशावरून धरायचा नाही, घरात जाऊन बघायचा. हीटर नसेल तर त्याचा प्लग मोजायचा नाही. कॉलनीत मिठाई वाटली गेली. जे ‘सब फिक्स है’ म्हणाले होते तेच सगळ्यांत आधी पेढे घेऊन आले. सुमित्राबाईंनी पेढा हुंगला आणि खाल्ला.

संध्याकाळी फाटक वाजलं. बाई उठल्या. फाटकाबाहेर अनंत उभा, हातात मेथीची जुडी, डोक्याचे केस पार पिकलेले. इतक्या महिन्यांत एवढे पिकले, की आपणच कधी नीट पाहिलं नव्हतं?

“ताई,” तो म्हणाला. “निकाल लागला. आज मला राहवलं नाही.”

बाईंचा हात फाटकाच्या कडीवर गेला. कडी अर्धी वर झाली आणि तिथेच थांबली. गल्लीच्या टोकाला कुणी आहे का, ते त्यांनी सवयीने पाहिलं. पलीकडे दोन माणसं स्कूटरशी उभी होती. ओळखीची नव्हती.

“कंपनी यावर पुन्हा अर्ज करू शकते का रे?”

अनंत म्हणाला, “करू शकते. मुदत आहे अजून.”

“केला, तर तो तुझ्याच टेबलावर येईल?”

“येईल.”

“मग जा.”

“ताई, फक्त चहा—”

“जा म्हणते ना! दिवाळीला ये. पाट मांडून ठेवते.” त्यांनी कडी खाली टाकली. मेथीही घेतली नाही. तो वळला, दोन पावलं गेला, परत पाहिलं. बाईंनी त्याला हाताने हाकललं, अंगणात शिरलेल्या गायीला हाकलतात तसं.

आतून विलासरावांनी विचारलं, “कोण होतं गं?”

सुमित्राबाईंनी पदराने तोंड पुसलं.

“कोणी नाही,” त्या म्हणाल्या.