उपाशीपोटी दाढ काढायला गेलो

"इम्पॅक्टेड विज्डम टूथ," एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे अक्कलदाढ हाडात आडवी अडकलेली. तेवढ्याच जागेला भूल द्यायची, हिरडी कापून दाढ काढायची, पण तासाभरात घरी. ही २००९ सालची गोष्ट.

मला मधुमेह आहे. "नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊनच या," असं त्यांनी दोनदा बजावलं. पण आमच्या पिरंगुटात ऑपरेशन म्हटलं की माणूस उपाशीच जातो. थोरल्या भावाला हर्नियाच्या वेळी पाण्याचा थेंबही दिला नव्हता. बाई तरुण आहेत, त्यांचंच चुकलं असेल, असं मीच ठरवलं. गोळी घेतली आणि नाश्ता टाळला.

खुर्चीत बसलो. सिस्टर हातातली यादी वाचू लागल्या. नाव काय, दाढ कुठली, बोट ठेवून दाखवा, कशाची अ‍ॅलर्जी? एक दाढ काढायला एवढी उलटतपासणी! मला घाम फुटला होता, हात थरथरत होते. भीतीनंच, दुसरं काय.

"सकाळी काय खाल्लंत?"

"भाकरी," मी ठोकून दिलं. तीन आठवडे ठणका सोसला होता, आता परत पाठवलेलं मला चालणार नव्हतं.

पण यादीतली पुढची ओळ होती, सोबतच्या माणसाला विचारा. माझी बायको सुमन आत आली.

"सकाळधरनं चहाबी न्हाई घेतला ह्यांनी. म्या म्हनलं, कायतरी खावा. आयकत्यात व्हय?"

लगेच बोटाला सुई टोचली. साखर साठच्याही खाली. "हायपोग्लायसेमिया," बाई म्हणाल्या, म्हणजे रक्तातली साखर एकदम उतरणं. "भूल देऊन कापायला घेतलं असतं, तर तुम्ही मध्येच बेशुद्ध पडू शकला असता." त्यांनी ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला पोहे खाऊन गेलो. मधुमेह असलेल्यांनो, अशी यादी कुणी वाचली तर वैतागू नका, खरं सांगा. मी सगळी उत्तरं दिली आणि न विचारलेलंही सांगून टाकलं, की रात्रीची गोळी मी पुष्कळदा चुकवतो. सुमन शेजारीच उभी होती. तिला हे ठाऊक नव्हतं.

दाढ सुखरूप निघाली. त्या दिवसापासून रात्रीची गोळी सुमनच माझ्या हातावर ठेवते, आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. मला ते फार आवडतं, पण तिला अजून सांगितलेलं नाही.