अंगात येणारी गाडी

माझा काका ऐंशीच्या दशकात मुंबईची टॅक्सी सोडून कायमचा गावी आला, तो एक जुनी गाडी घेऊनच. बढाया मारण्यात तो माझा गुरू. म्हणून पुढचं सगळं तुम्ही निम्मं करून वाचलंत तरी चालेल; निम्म्यातही पुष्कळ उरेल.

गाडी पळायची झकास. पण ब्रेकवर पाय ठेवला की तिला कापरं भरायचं. स्टेअरिंग असं थरथरायचं की काकाच्या मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे जायचं. मागच्या सीटवर दुधाची किटली ठेवावी आणि घरी ताक उतरवून घ्यावं. मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणलेले बांगडे तर अंगणात पोचेपर्यंत टोपलीत पुन्हा पोहायला लागायचे. कारण आमचं घर सड्याच्या, म्हणजे उंचावरच्या कातळी माळाच्या, पायथ्याशी. वरून खाली येणारा रस्ता इतका उभा, की वर सुटलेला नारळ आमच्या दारात खोबरं होऊनच यायचा.

या गाडीत बसायला काकू तयार नव्हती. आणि गाडी आणली होती ती तिच्यासाठीच! स्वतःच्या लग्नात, सावर्ड्याला, भर मांडवात काका बोलून बसला होता, "एक दिवस हिला माझ्या गाडीतून माहेरी आणीन." त्या वाक्यावर सावर्डेकर अजून हसत होते. आता वैशाखात काकूच्या भाच्याचं लग्न होतं. काकाला हसू थांबवायची एवढी एकच संधी होती.

"तुमची गाडी घुमते," काकू म्हणायची. "अंगात आलेल्या बाईच्या मांडीवर बसून माहेरी जाऊ? मी आपली एस्टीने जाईन."

"अगो, ब्रेक लावल्यावरच घुमते ना? मग मी ब्रेकच लावत नाही!"

"मग तर नक्कीच एस्टीने."

मला मात्र वेगळाच किडा चावला होता. पळताना शहाणी आणि थांबताना वेडी, हे कसं? काका म्हणे, खारी हवा बाधली. मग आम्ही गाडी सड्यावर नेली, सपाट मोकळ्या जागी, आणि पायातला ब्रेक न लावता नुसता हँडब्रेक हळूहळू ओढला. हँडब्रेक धरतो फक्त मागची चाकं. गाडी दाव्याच्या गाईसारखी शांत उभी राहिली. म्हणजे भूत पुढच्या चाकांत! कोलंबसाला अमेरिका दिसली तेव्हा तो माझ्याएवढा नाचला नसेल.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक मिस्त्री होता. इंजिनाचा आवाज ऐकून मालकाची रास सांगतो, अशी त्याची स्वतःचीच ख्याती त्याने पसरवलेली. त्याने पुढच्या चाकांतले ब्रेकचे ड्रम काढले. ड्रम म्हणजे बिडाचं जाड भांडं. आतून ब्रेकचे लायनर त्याला दाबतात आणि चाक थांबतं. भांडं लेथवर चढवून फिरवलं, तर पातं एका बाजूला घासे आणि दुसऱ्या बाजूला हवा खाई.

"गोल नाही राहिला," मिस्त्री म्हणाला. "अंडं झालंय त्याचं."

त्याने ते आतून कातून पुन्हा गोल केलं. परत येताना ब्रेक असे लागले की काकाने डोळे मिटून घेतले, सुखाने. पण पंधरवड्यात गाडीच्या अंगात पुन्हा आलं!

मिस्त्री भडकला. "माझं काम बिघडत नाय, तुम्ही बिघडवता! आता याच्यात एकदाच कातण्यापुरतं बीड राहिलंय. मग पापड. तापल्या ड्रमवर पाणी पडतंय काय? ओढ्यातून येता?"

"ओढा कुठला?" मी म्हटलं. "या दिवसांत आमच्या ओढ्यातून बगळेसुद्धा चपला घालून फिरतात."

"मग मीच येतो घरी. बघू कुठे बिघडते ती."

आला. उतारभर ब्रेक दाबत, दात वाजवत आम्ही अंगणात पोचलो. चाकांना जळका वास येत होता. तेवढ्यात नेहमीप्रमाणे काकू भरली कळशी घेऊन बाहेर आली आणि पुढच्या दोन्ही चाकांवर तिने निगुतीने पाणी ओतलं. चर्रर्र! एवढी वाफ उठली की शेजारच्या आंब्यावरचा मोहोर शिजला असेल.

मिस्त्रीने गाडीतून उडीच मारली. "वहिनी! हे रोज?"

"म्हणजे काय? दाराशी आलेल्याचे पाय धुवायचे नाहीत? बसत नसले तिच्यात, तरी घरची लक्ष्मी आहे ती."

"आणि मागची चाकं?"

"पाय दोनच असतात हो."

मिस्त्री हसत हसत ओटीवर बसला आणि तापलेलं लोखंड एकदम भिजवलं की कसं वाकडं होतं, ते त्याने सांगितलं. काकूने कळशी हळूच खाली ठेवली. "म्हणजे मीच गो बाई..."

राईचा सह्याद्री करणारा माझा काका त्या दिवशी एवढंच म्हणाला, "नाय गो. उतारच वाईट आहे आपला."

ड्रम शेवटचा कातला गेला. वैशाखात काकू नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. वाटेत म्हैस दिसली की काका ब्रेक लावी. म्हैस नसली तर म्हशीच्या आठवणीने लावी. गाडी एकदाही घुमली नाही. सावर्ड्याला मांडवासमोर सगळं गाव बघत असताना आम्ही थांबलो. काकूची भावजय लगबगीने भरला तांब्या घेऊन आली आणि थेट वाकली ती पुढच्या चाकाशी. माहेरची रीतही तीच!

धाडकन दार उघडलं. काकूने दोन्ही पाय बाहेर टाकले.

"अगो वहिनी, तिकडे नको! पाय इकडे आहेत!"

लुगड्याचा काठ चिंब भिजला. काका स्टेअरिंग धरून आतच बसून राहिला होता. आणि गाडी उभी असूनही स्टेअरिंग थरथरत होतं.