जांभळं पान, पोपटी काठ

हट्ट्याच्या वाटेवरच्या आमच्या गावात रुख्माबाईचं आंगण कुणीही दाखवील. लोक तिथं थबकतात ते फुलांसाठी नव्हे, पानांसाठी. रंगाच्या रिकाम्या डब्यांत, फुटक्या मडक्यांत, पेरूच्या सावलीला तिनं रंगीत पानांचे कोलियस लावलेत. कडक उन्हात त्यांचा रंग विटतो. तांदूळ धुतलेलं पाणी त्यांच्याच वाट्याचं. दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेली ही बाई संध्याकाळी या पानांपुढे बसते, तेव्हा कुठे तिची कंबर सैल होते.

त्यात एक झाड तिच्या लेकीचं. मयुरीनं लग्नाआधी वारासिवनीच्या बाजारातून आणलेलं. जांभळ्या लुगड्याला पोपटी काठ असावा, तसं पान. त्या रंगाची बाकीची रोपं मागच्या थंडीत गेली. हे एकच उरलं.

यंदा दिवाळीनंतर मयुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि त्याच सुमारास त्या झाडाला तुरे फुटले. कोलियसला तुरा आला की झाड उताराला लागतं. सगळा जीव फुलोऱ्यात जातो, पानं बारकी होतात. एरवी रुख्माबाई तुरा दिसताच नखानं खुडायची. यंदा तिचा हात पुढं होईना.

शेजारची लीलाबाई कुंपणावरून म्हणाली, "काहून वं रुख्मा, नखं झिजले का? खुड ना थे तुरे!"

"पोटुशी लेक हाय घरात. अशा वक्ती आमच्यात कळी खुडत नाई."

"मंग झाड जाईन."

"जाऊ दे," रुख्माबाई म्हणाली खरी, पण पाणी घालताना तिथंच रेंगाळली.

"माय, मीच खुडतो," मयुरी दारातून बोलली.

"हात लावून तर पाह्य!"

मग रोज रुख्माबाई झाडापाशी नुसती बसून राही. एका सकाळी तिनं खालची पानं बाजूला सारली. बुंध्यालगत कोवळे फुटवे होते. त्यांना कळी नव्हती. तिनं ते अलगद मोडले, पाण्याच्या गेलासात घातले आणि चुलीच्या उबेजवळ ठेवले.

मयुरी हसली. "देवाले बी फसवते तू!"

"कळीले हात लावला का म्या?"

मोठं झाड मनसोक्त फुललं. निळ्या बारीक फुलांवर माश्या घोंगावल्या. मग ते वाळलं. तोवर गेलासात पांढरी मुळं सुटली होती, आणि मयुरीच्या मांडीवर मुलगी होती.

मयुरी सासरी निघाली तेव्हा रुख्माबाईनं तिच्या हाती रोप लावलेला एक डबा दिला. काठ तोच, पोपटी.

"आता तुरा आला का खुडजो," ती म्हणाली. "जीव नोको अडकवू."