मयताच्या कागदांचा पंचनामा

ट्रंकेचं झाकण उघडलं आणि मला दरदरून घाम फुटला. आत लष्कराचे कागद होते. तारा, पत्रं, पलटणींचे नंबर, जवानांची नावं. प्रत्येक कागद आधी फाडलेला आणि मग तुकडा तुकडा जुळवून दुसऱ्या कागदावर चिकटवलेला. त्या दुसऱ्या कागदाच्या पाठीमागे पाच-पाच रेघा, रेघांवर काळे ठिपके आणि ठिपक्यांना शेपट्या.

"साहेब, गुप्त लिपी," माझा कॉन्स्टेबल कानाशी कुजबुजला. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं.

मी तेव्हा फौजदार होतो. पासष्टची लढाई थांबून वर्षही झालं नव्हतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललेलं, त्यामुळे आमच्या हद्दीत परका माणूस म्हटला की वरच्यांचे कान टवकारायचे. अशात एक निनावी अर्ज आला. घिवलीत राहणारा एक फॉरेनर गावोगाव फिरतो, फौजींच्या घरी जातो, कोण कुठल्या पलटणीत होता ते विचारतो आणि वहीत टिपून ठेवतो. अर्जावर सही नव्हती, पण मजकूर धडकी भरवणारा होता.

फॉरेनर म्हणजे बेनीकाका. मूळचा फिलिपाइन्सचा. महायुद्धाच्या आधी मुंबईच्या एका हॉटेलात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला आला आणि इथलाच झाला. बायको वसईकडची, तारापूरच्या दवाखान्यात नर्स. ती वारली तरी हा घिवली सोडून गेला नाही. मराठी तो बायकोकडून आणि मच्छीमारांकडून शिकला, त्यामुळे आमच्यापेक्षा अस्सल किनाऱ्याची बोलायचा. पालघरच्या बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून माजी सैनिकांचे इंग्रजी अर्ज फुकट लिहून द्यायचा. कुणाच्या हातून चहासुद्धा घ्यायचा नाही. म्हाताऱ्या शिपायांना हाताला धरून जिल्ह्याच्या कचेरीत न्यायचा. वीस वर्षं त्याचं हेच चाललेलं. हे सगळं मला माहीत होतं आणि तरीही मी घामाघूम होतो, यावरून काळ कसा होता ते समजा.

"हे काय आहे?" मी दरडावून विचारलं.

"मयताची कागदं हाय, साहेब," बेनीकाका शांतपणे म्हणाला.

झडती घेताना गावातली दोन प्रतिष्ठित माणसं साक्षीला लागतात, त्यांना पंच म्हणतात. जे सापडलं त्याची यादी म्हणजे पंचनामा. माझा एक पंच होता लक्ष्मण तांडेल. मी त्याला एक कागद हातात घेऊन बघायला सांगितला, तर तो विंचू चावल्यासारखा मागे सरला.

"नाय साहेब. मयताची चिठ्ठी हाय ती. आमी शिवत नाय. आंगोल करावी लागल."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मयताची खबर घेऊन आलेला कागद घरात ठेवायचा नसतो. वाचला की तिथंच फाडायचा, उंबऱ्याबाहेर फेकायचा आणि अंगावर पाणी घ्यायचं. माझ्या मामाच्या मरणाचं कार्ड माझ्या आईने असंच फाडलं होतं. अहो, ज्या रीतीत मी वाढलो ती मला ओळखू आली नाही, आणि मी निघालो होतो हेर पकडायला!

"पण तू का गोळा करतोस?"

"लोक फाडतात, साहेब. मंग सा महिन्यान् पेन्शन मागाय गेले का कचेरी म्हनते, कागद दाखवा. कुटून दाखवनार? म्हनून मी येचतो. लोकांच्या घरात नाय ठेवत, माज्या घरात ठेवतो. माज्या घरात आता मरायला कोन हाय?"

"आणि पाठीमागची ती लिपी?"

"बँडची गानी हाय ती. जुने कागद व्हते, त्याच्यावर चिकटवलं." त्याने एका कागदावर बोट ठेवलं आणि ठिपक्यांवरून बोट फिरवत चक्क गुणगुणून दाखवलं. माझा कॉन्स्टेबल खिडकीबाहेर बघायला लागला.

मी विचारलं, हा नाद लागला कुठून? त्याने हातातला कागद ट्रंकेत ठेवला. "माजा भाव तिकडं फौजेत व्हता. कागद आला तवा आयेनं चुलीत घातला. मंग मरंस्तवर कचेऱ्या फिरली. ते म्हनत, कागद दाखव. मी हितं बाजा वाजवत व्हतो."

माझी खात्री पटली. इन्स्पेक्टर साहेबांची पटेना. ट्रंक आणि बेनीकाका दोघांनाही पोलीस ठाण्यात आणलं, तेव्हा साहेब रागाने लाल झाले.

"लष्कराचे कागद परक्या माणसाच्या घरात सापडतात आणि तुम्ही मला बँडची गाणी सांगता?"

"साहेब, मी एका घरी जाऊन खात्री करतो."

"उद्या संध्याकाळपर्यंत करा. नाहीतर ट्रंक जिल्ह्याला जाईल आणि हा देशाबाहेर. शिफारस मी लिहून ठेवतो."

देशाबाहेर म्हणजे कुठं? त्याचं तिकडे कुणी उरलेलं नव्हतं. पंचवीस-तीस वर्षं इथं काढलेल्या म्हाताऱ्याला आम्ही बोटीवर चढवून देणार होतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जप्त केलेला माल, ज्याला आम्ही मुद्देमाल म्हणतो, तो लगेच कापडात बांधून लाखेने सील करायचा असतो. मी केला नाही. चौकशीसाठी एक तार बाहेर काढायची होती, म्हटलं परत आल्यावर सगळं एकदमच सील करू. जमादार शिर्क्यांना ट्रंकेवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दातिवऱ्याला निघालो. सफाळ्यापर्यंत गाडी, पुढे टांगा, शेवटचा तुकडा पायी.

तार धर्मीबायच्या मुलाची होती. तो फौजेत ड्रायव्हर होता, लढाईत गेला. धर्मीबाय ओट्यावर सुकी मासळी निवडत होती. मी तार समोर धरली. तिचे हात थांबले.

"ही कुटून आली? ही मी फाडली. माज्या हातान् फाडून खाडीत टाकली."

"बेनीकाकाने चिखलातून वेचली."

तिने मान वाकवून तार पाहिली. हात लावला नाही. मग म्हणाली, "कचेरीवाला तीनदा बोलला, तार दाखव. मी म्हनलं, फाडली. तो हसला, साहेब. मंग मी कुनाला बोललेच नाय." तिने हातातली मासळी खाली ठेवली. "वाच. पोस्टमननं दोनच शब्द वाचले व्हते, मंग मला काय ऐकू नाय आलं."

मी वाचून दाखवली. शेवटी लिहिलं होतं, सविस्तर पत्र मागाहून.

"त्ये बी आलेलं. त्ये बी फाडलं. त्यात काय व्हतं, कुनी वाचलंच नाय." ती उठली, हात धुतले. "बेनीकाकाकडं आसल त्ये?"

असणार होतं. कागदांची यादी मीच केली होती. तिच्या मुलाच्या साहेबाचं पत्र ट्रंकेत आहे, हे मला पक्कं आठवत होतं. ती माझ्याबरोबर निघाली. जबाबही देणार होती आणि पत्रही ऐकणार होती. मला वाटलं, झालं, केस सुटली.

ठाण्याच्या आवारात शिरलो तर विहिरीपाशी जमादार शिर्के ओलेत्याने उभे. भरदुपारी, वर्दी काढून, डोक्यावरून पाणी निथळतंय.

"शिर्के, ट्रंक कुठाय?"

"रिकामी केली, साहेब. त्या तांडेलानं सांगितलं आतमध्ये काय आहे ते. ठाण्यात गणपतीचा फोटो, माझ्या घरात सून पोटुशी. मयताचे एवढे कागद एका छपराखाली? सगळे फाडले, मागे टाकले आणि आंघोळ करून घेतली."

नोकरीत मी मुडदे पाहिले, मारामाऱ्या पाहिल्या, पण असा हादरलो नव्हतो. वीस वर्षं एका माणसाने चिखलातून, उकिरड्यातून वेचलेलं, आणि माझ्या जमादाराने अर्ध्या तासात त्याचं भुस्काट केलं. तेही पूर्ण भक्तिभावाने! शिर्के चांगला माणूस होता, हेच तर जास्त भयंकर होतं. मी धर्मीबायकडे बघूच शकलो नाही.

बेनीकाकाला आम्ही व्हरांड्यात बसवून ठेवला होता. त्याने फाडण्याचे आवाज ऐकले होते. डोळे लालबुंद झाले होते.

इन्स्पेक्टर साहेब बाहेर आले. मागे जाऊन त्यांनी तो कपट्यांचा ढीग पाहिला आणि डोक्याला हात लावला. शिर्क्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"आता मी जिल्ह्याला काय पाठवू? लष्कराचे कागद पोलिसांनीच फाडले, हे लिहू?"

 

तेवढ्यात धर्मीबाय ढिगाकडे गेली. पदर खोचला, खाली बसली आणि कपटे वेचायला लागली. तिला अक्षर येत नव्हतं. ती पिवळे एका बाजूला, पांढरे एका बाजूला करत होती. बेनीकाका उठला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला. पहाऱ्यावरच्या शिपायाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने शिर्केही तिथं जाऊन बसले, ओल्या धोतरानिशी. साहेबांच्या घरून तांदळाच्या पिठाची खळ आली. ती कुणी मागवली, हे कुणी विचारलं नाही.

धर्मीबायचं पत्र सगळ्यात आधी जुळवलं. पाठीमागच्या काळ्या ठिपक्यांमुळे काम सोपं झालं, कारण गाणं बेनीकाकाला पाठ होतं. तो गुणगुणायचा आणि पुढचा तुकडा उचलायचा. पत्र इंग्रजीत होतं. मी मराठीत सांगत गेलो. तिचा मुलगा जखमींची गाडी घेऊन उतारावरून येत होता. त्याला गोळी लागली. मरण्याआधी त्याने हँडब्रेक ओढला. गाडी दरीच्या काठाला थांबली आणि मागचे सगळे वाचले.

"ब्रेक लावला त्यानं?" धर्मीबायने विचारलं.

"लावला."

"मी त्याला सांगायची, हलू चालव म्हनून." एवढं बोलून ती पदरात तोंड घालून रडली. आम्ही सगळे कपट्यांकडे बघत राहिलो. जाताना तिने तार आणि पत्र दोन्ही मागून घेतलं आणि घरी नेलं.

बाकीचे कागद जुळायला पुढचे कित्येक दिवस लागले. शिर्के ड्यूटी संपली की बसायचे. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'संशयास्पद काही आढळले नाही.' शिफारशीचा कागद त्यांनी फाडला, तो मात्र कुणी वेचला नाही. बेनीकाका पुढेही घिवलीतच राहिला आणि तिथंच गेला. त्याची ट्रंक शेवटी शिर्क्यांच्या घरी होती, सून आणि नातवंडं असलेल्या घरात.

नव्या फौजदारांना शिकवताना मी नेहमी सांगायचो, मुद्देमाल त्याच दिवशी सील करा, उद्यावर टाकू नका. नियम चांगलाच आहे. मी तो पाळला असता, तर धर्मीबायची तार बाहेर निघालीच नसती, ती ट्रंक लाखेचा शिक्का घेऊन जिल्ह्याला गेली असती आणि बेनीकाका बोटीवर.